सोंग आणि ढोंग

मनुष्याच्या नीतीची परीक्षा रणांगणावर, न्यायसभेत किंवा एखाद्या मोठ्या मोहाच्या प्रसंगीच होते, अशी समजूत आपल्या मनात रुजलेली असते. असे प्रसंग सामान्य मनुष्याच्या वाट्यास आयुष्यात एकदोनदाच येतात. ताटासमोर मात्र तो दिवसातून दोनदा बसतो. आपण काय खातो, ते कोणत्या नावाने खातो आणि ते कोणाच्या कष्टाने आपल्यापुढे येते, या तीन प्रश्नांत नीतिशास्त्राचा बराच मोठा भाग सामावलेला आहे. म्हणून स्वयंपाकघरातील एका लहानशा यंत्राविषयी आम्ही येथे लिहिण्यास बसलो आहो, याचे वाचकांस आश्चर्य वाटू नये.

सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वसलेली आमची विश्रामबाग ही विद्येच्या आश्रयाने वाढलेली वसाहत आहे. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय निघाले आणि १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. साहजिकच येथील संध्याकाळच्या फेरफटक्यात पूर्वी परीक्षा, पुस्तके आणि बदल्या यांविषयी बोलणे निघे. अलीकडे ते रक्तातील साखरेविषयी निघते. हे काही आमच्याच वसाहतीचे वैशिष्ट्य नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजाप्रमाणे या देशात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. वैद्य सांगतात, मैदा वर्ज्य करा, भात कमी करा, भाज्या वाढवा. ऐकणारा मान डोलावतो; पण जीभ मान डोलावीत नाही. या मान आणि जीभ यांच्यामधील भांडणात तडजोड घडवून आणण्यासाठी जी नाना उपकरणे आता घरोघर येऊ लागली आहेत, त्यांत भाजीच्या शेवया काढणारे विजेचे यंत्र हे एक होय. बाजारात त्याला स्पायरलायझर म्हणतात.

यंत्राची रचना साधी आहे. दुधी, गाजर, काकडी किंवा बीट सोलावयाचे, त्याची दोन्ही टोके सपाट कापावयाची आणि ते यंत्राच्या दातांवर रोवावयाचे. कळ दाबली की भाजी आणि पाते यांचा फिरता संयोग होऊन एक लांबच लांब, वळणदार तार बाहेर पडू लागते. आपला जुना सोऱ्या पिठाला दाबून आकार देतो. हे यंत्र भाजीला सोलत सोलत तिच्यातूनच आकार सोडविते. त्या तारांना थोडे मीठ लावून सुटलेले पाणी निथळू द्यावे, कढईत दोन-तीन मिनिटे परतावे, वर लसूण, मिरपूड किंवा टोमॅटोचे सार घालावे, म्हणजे ताटात जो पदार्थ येतो तो दिसण्यात थेट नूडल्स. काट्याभोवती तो गुंडाळता येतो आणि ओठांनी ओढून खाता येतो. मात्र १०० ग्रॅम कोरड्या गव्हाच्या शेवयांत जेथे सुमारे ३५० कॅलरी असतात, तेथे तितक्याच वजनाच्या दुधीत १५ च्या आसपास असतात. कारण दुधी हा बव्हंशी पाणीच होय.

येथे एक आक्षेपक उभा राहतो, आणि त्याचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो म्हणतो, "ज्याला नूडल्स सोडावयाच्या आहेत त्याने त्या सोडाव्या. दुधी खावयाचा तर दुधी म्हणून खावा. दुधीला नूडल्सचा वेष देऊन खाणे हा संयम नव्हे. ही स्वतःची फसवणूक आहे. शरीराने नियम पाळावयाचा आणि मनाने तो मोडावयाचा, यालाच भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचार म्हटले आहे." आक्षेपकाचा संदर्भ बरोबर आहे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्यास गीतेने मिथ्याचारीच म्हटले आहे. तेव्हा प्रश्न असा की, दुधीच्या नूडल्स खाणारा मनुष्य मिथ्याचारी ठरतो काय?

उत्तर देण्यापूर्वी आपल्या घरातील जुने दप्तर थोडे उघडून पाहणे इष्ट होईल. एकादशीस आपण धान्य वर्ज्य करतो आणि साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. खिचडीतील बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीही तिकडचीच. ज्या काळी उपवासाची परंपरा पडली त्या काळी यांपैकी एकही पदार्थ या देशात नव्हता. वरीला आपण वरीचे तांदूळ म्हणतो, तिच्यावर दाण्याची आमटी ओततो आणि आमटीभात खाल्ल्याचे समाधान मानतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्याविषयी करून ठेवली आहे. म्हणजे एका अन्नास दुसऱ्याचा वेष देण्याची कला विजेच्या यंत्राने महाराष्ट्रात आणलेली नाही. ती पिढ्यान्पिढ्या येथे नांदत आहे. पण जुनी म्हणून ती निर्दोष ठरत नाही. जुनेपणाने फार तर सवय सिद्ध होते, योग्यता सिद्ध होत नाही.

आता वेष म्हणजे काय याचाच विचार करू. आक्षेपकाने गृहीत धरले आहे की नूडल्स ही एक वस्तू आहे आणि दुधी तिची नक्कल करीत आहे. हे गृहीत तितकेसे पक्के नाही. चीनमध्ये लाजिया येथील उत्खननात मातीच्या उपड्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गव्हाच्या नसून राळ्यासारख्या भरड धान्याच्या असल्याचे संशोधकांनी सांगितले होते. तांदळाच्या शेवया कोकणात होतात, गव्हाच्या देशावर होतात. तेव्हा शेवई हे एखाद्या द्रव्याचे नाव नसून मुळात एका आकाराचे नाव आहे. दुधी जर तो आकार धारण करीत असेल, तर त्याने कोणाचे घर लुटले असे म्हणता येत नाही.

शिवाय आकार ही केवळ डोळ्यांची करमणूक नव्हे. ज्या सुगरणीने काकडी किसली म्हणजे एक कोशिंबीर होते आणि चोचवली म्हणजे दुसरी होते हे जाणले, तिने तत्त्वज्ञांच्या बरोबरीचे ज्ञान मिळविले होते. बटाट्याच्या काचऱ्या आणि बटाट्याच्या फोडी यांत बटाटा एकच असतो. पण तेल किती लागावे, पाणी किती सुटावे, कड कितपत खरपूस व्हावी, हे सारे कापण्याने ठरते. वेदान्ती म्हणेल की घट, परळ आणि रांजण ही सारी नामरूपे. खरी ती माती. हे मातीच्या बाबतीत खरे असेल, पण तहान लागलेल्या मनुष्यास परळ आणि रांजण यांत भेद करावाच लागतो. जीभ ही वेदान्ती नाही. रूपही तिच्या दृष्टीने एक सत्य आहे. म्हणून दुधीला तारेचा आकार देणे म्हणजे खोटे बोलणे, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि रूपाची सत्ता किती, हेही ओळखले पाहिजे. दुधी कधीकधी कडू निघतो. असा कडू दुधी विषारी असू शकतो आणि तो टाकूनच द्यावयाचा असतो. म्हणून शहाणी गृहिणी तुकडा चाखून मगच दुधी चिरावयास घेते. कडू दुधीच्या कितीही सुरेख शेवया काढल्या तरी त्या कडूच राहतात आणि पोटात जाऊन अपाय करतातच. रूप पुष्कळ काही करते. पण सत्त्व बदलण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नाही. ही मर्यादा सुटली की रूपाची कला संपते आणि फसवणूक सुरू होते.

या सीमेसाठी मराठी भाषेने दोन सुरेख शब्द आपल्या हाती दिले आहेत. सोंग आणि ढोंग हे ते शब्द होत. कानाला ते जुळ्या भावांसारखे वाटतात; पण त्यांचे शील भिन्न आहे. ज्या सांगलीत हे लिहिले जात आहे, तेथेच १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा ओनामा झाला. तेथे राक्षस झालेला मनुष्य राक्षस नव्हता आणि हे प्रेक्षकांतील प्रत्येकास ठाऊक होते. पुढे 'एकच प्याला' नाटकातील सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी हजारो डोळ्यांतून पाणी काढले. त्या डोळ्यांना समोर नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष उभा आहे हे का कळत नव्हते? कळत होते, आणि तरीही अश्रू खरे होते. कोणी कोणास फसविले नव्हते. हे सोंग. तोच वेष घेऊन कोणी परक्या घरात शिरता, तर ते ढोंग झाले असते. वस्त्रे तीच, रंग तोच. पण एका ठिकाणी सत्य सर्वांना ठाऊक असते आणि दुसऱ्या ठिकाणी ते कोणापासून तरी लपविलेले असते. सोंग आणि ढोंग यांमधील भेद असा वेषात नसून सत्याच्या वाटणीत आहे.

ही कसोटी ताटाला लावून पाहा. गृहस्थ समोरच्या पदार्थास दुधी म्हणून ओळखतो, त्यातील गंमत ओळखतो आणि आनंदाने खातो. हे सोंग, आणि ते निर्दोष आहे. तोच गृहस्थ दुधीच्या नूडल्सवर किसलेल्या चीजचा डोंगर रचतो, वर लोणी सोडतो आणि "आम्ही हल्ली भाजीच खातो" असे चार लोकांत सांगतो, हे ढोंग. यात नियमाचे नाव शिल्लक राहिले आणि नियमाचा हेतू निघून गेला. बाजारातील काही पाकिटांवर हिरव्यागार पानांचे चित्र ठळक असते आणि मागील बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात. हे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. ज्या यादीत मैदा पहिला आणि पालकाची पूड शेवटाकडे असेल, तेथे भाजीने नूडल्सचे सोंग घेतलेले नसून मैद्याने भाजीचे ढोंग केलेले आहे, हे वाचकाने खुशाल समजावे.

सर्वांत नाजूक प्रकरण मुलांचे. मूल भाजी खात नाही म्हणून आई दुधीच्या शेवया करते आणि "या नूडल्सच आहेत हो" असे सांगून भरविते. तिचा हेतू प्रेमाचा आहे, याबद्दल शंका नाही. परंतु मुलाला एक ना एक दिवस दुधी ओळखू येणारच. त्या दिवशी त्याच्या मनात दुधीविषयी जितका राग उत्पन्न होईल, त्याहून अधिक संशय आईच्या शब्दाविषयी उत्पन्न होईल. चार घास भाजीसाठी ही किंमत फार मोठी आहे. याउलट त्याच मुलाच्या हाती दुधी द्यावा, यंत्राची कळ मोठ्यांच्या देखरेखीखाली त्याला दाबू द्यावी आणि "पाहा, हा दुधी आता काय सोंग आणतो" असे म्हणावे. मूल जन्मतःच सोंगाचे रसिक असते. खाटेची गाडी करणाऱ्यास दुधीची शेवई करणे जड जात नाही. त्याला फसविण्याचे कारणच उरत नाही. ते नाटकात सामील होते.

आता गीतेकडे पुन्हा वळू. कारण आक्षेपकाचे समाधान अद्याप पुरते झालेले नाही. तो म्हणेल, "सत्य ठाऊक असले तरी गोडी तर नूडल्सचीच राहिली ना?" राहिली, हे खरे. पण गीतेच्याच दुसऱ्या अध्यायात असेही सांगितले आहे की, निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी मागे राहते. आणि ती गोडी जाते ती अधिक श्रेष्ठ असे काही दिसल्यावर. म्हणजे नुसत्या निग्रहाने रस सुटत नाही, हे शास्त्रकारांस मान्यच आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेही असाच भेद केला आहे. ज्याची वासना एकीकडे ओढते आणि विवेक दुसरीकडे ओढून तिला जिंकतो, तो निग्रही; आणि ज्याची वासनाच विवेकाशी एकमत झालेली असते, तो संयमी. पहिल्याहून दुसरा श्रेष्ठ. मात्र दुसऱ्या अवस्थेस माणूस उपदेशाने पोहोचत नाही; तो सवयीने पोहोचतो.

दुधीचे सोंग येथेच आपली योग्यता सिद्ध करू शकते. जो मनुष्य काही महिने या तारा खातो त्याच्या जिभेवर हळूहळू खुद्द दुधीची चव उमटू लागते. त्याचा कोवळा गोडवा, परतल्यावर येणारा वास, मीठ कमी घातले असता जाणवणारा त्याचा स्वतःचा स्वभाव, हे सारे त्यास कळू लागते. एक दिवस तो सहज म्हणतो, "आज यंत्र राहू दे, नुसती मूगडाळ घालून भाजी करू." त्या दिवशी सोंगाचे काम झाले. जे सोंग शेवटी मूळ वस्तूची ओळख करून देते ते शिक्षक होय. आणि जे वर्षानुवर्षे मूळ वस्तूस तोंड दाखवू देत नाही, त्याविषयी आक्षेपकाने घेतलेली शंका आम्हीही घेऊ. मिथ्याचारी ठरतो तो या दुसऱ्या प्रकारात, पहिल्यात नव्हे.

येथवर आपण खाणाऱ्याचा विचार केला. परंतु आमच्या मते या विषयाचे मर्म खाणाऱ्याच्या ताटात नसून करणाऱ्याच्या हातात आहे. 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' अशी आपली एक म्हण आहे. तिला आम्ही एक पुरवणी जोडू इच्छितो: श्रमाचेही सोंग आणता येत नाही. भाजी आपोआप सोलली जात नाही, टोके आपोआप कापली जात नाहीत. यंत्राचे काम मिनिटाभराचे असते. पण त्याच्या पात्यात अडकलेले धागे बारीक कुंचल्याने काढणे, भांडे धुणे, उरलेले बुडखे दुसऱ्या भाजीत घालणे, हे काम कळ दाबून होत नाही. आणि घरात नियम एकाचा असला म्हणजे स्वयंपाक दोन होतात: इतरांसाठी पोळीभाजी आणि नियमस्थासाठी हा निराळा थाट.

हा दुसरा स्वयंपाक कोण करते? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, ६ वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरातील विनावेतन कामे करतात आणि त्या कामांत त्यांची रोज सरासरी २९९ मिनिटे जातात. पुरुषांत अशी कामे करणारे २६.१ टक्के, आणि त्यांची मिनिटे ९७. या आकड्यांसमोर आपल्या व्रतवैकल्यांचा इतिहास ठेवून पाहावा. एकादशी घरच्या कर्त्याची असे; आदल्या रात्री साबुदाणा भिजविणारे हात दुसरेच असत. आता एकादशीची जागा वैद्याच्या चिठ्ठीने घेतली आहे. हात बव्हंशी तेच राहिले आहेत. नियम एकाचा आणि कष्ट दुसरीचे, अशा व्यवहारात जो संयम दिसतो तो नियमस्थाचा नसून त्या दुसरीचा असतो. तो गृहस्थ जगास सांगतो की आपण जिव्हेस जिंकले. वस्तुतः त्याने आपल्या जिव्हेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर दिलेले असते. आमच्या दृष्टीने यापेक्षा मोठे ढोंग नाही, आणि ते इतके घरगुती आहे की ढोंग म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर कोणी म्हणेल, "पत्नी हे प्रेमाने करते, तेथे हिशेब कसला?" प्रेमाने दिलेले दान थोर आहे, यात संशय नाही. परंतु दानाची थोरवी देणाऱ्याकडे असते. घेणाऱ्याने ते आपला हक्क मानले की त्या क्षणी त्याचे दानपण संपते. शिवाय ज्या घरात हे काम स्वयंपाकाच्या बाईंवर पडते, तेथे तर प्रेमाचाही प्रश्न येत नाही; तेथे वाढलेल्या कामाचा पगार वाढला की नाही, एवढाच प्रश्न विचारावयाचा असतो.

यंत्रांविषयी गांधीजींचे मत कठोर होते. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी यंत्रसंस्कृतीवर कडक टीका केली. तरीही १९२४ मध्ये बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. कारण पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून प्रेमापोटी ते निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या अपवादातील विवेक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. यंत्र विजेचे आहे की हाताचे, देशी आहे की परदेशी, याआधी ते कोणाचे कष्ट हलके करते हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर भाजीच्या शेवयांचे यंत्र एका विशिष्ट रीतीने उतरते. विळीवर बसून बारीक, एकसारख्या तारा काढणे हे वर्षांच्या सरावाचे काम आहे. "मला ते येत नाही" ही पुरुषाची सबब तेथे काही अंशी खरी होती. या यंत्राने ती सबब काढून घेतली. ज्याने आयुष्यात विळी उभी केली नाही अशा साठीतील गृहस्थासही दुधी सोलणे, टोके कापणे आणि कळ दाबणे जमण्यासारखे आहे. हे यंत्र वेळ किती वाचविते ही गोष्ट गौण आहे. ज्याचा नियम त्यानेच त्याचे श्रम करावेत, हे त्याने शक्य करून ठेवले, हीच त्याची खरी नैतिक किंमत होय.

मात्र यंत्र केवळ शक्यता देते. सद्गुण देत नाही. ते घरात येऊनही त्याच हातांत राहिले, तर घरात एक भांडे वाढले आणि एका स्त्रीच्या कामात एका कामाची भर पडली, एवढेच म्हणता येईल. शेवयांचा पाट गेला, हाताने फिरवावयाचे यंत्र आले, तेही जाऊन विजेच्या गिरण्या आल्या. प्रत्येक वेळी कष्ट घटले, पण ते कोणी करावयाचे हा प्रश्न बहुधा विचारलाच गेला नाही. तो विचारण्यासाठी कोणत्याही शास्त्रज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तात्पर्य, दुधीने नूडल्सचा वेष खुशाल घ्यावा. जिभेस थोडी सवलत देणे हा अपराध नव्हे. मनुष्यस्वभाव ओळखून केलेला तो शहाणपणाचा तह आहे. सवलत सत्यात मात्र असू नये आणि श्रमातही असू नये. दुधीला दुधी म्हणावे आणि तो ज्याने खावयाचा त्याने स्वतः सोलावा. एवढे दोन नियम पाळणारा मनुष्य आमच्या मते मिथ्याचारी नाही. आणि जेवण झाल्यावर यंत्राचे पातेही त्यानेच धुऊन ठेवले, तर त्याच्या संयमाविषयी शंका घेण्यास आक्षेपकालाही जागा राहणार नाही.